गेटवरच्या नोंदीवर हक्क कुणाचा?

मोठ्या शहरांतल्या अनेक सोसायट्यांच्या गेटवर आता वहीऐवजी मोबाईल ॲप आलं आहे. घरकामाला येणाऱ्या बाईंचा फोटो, फोन नंबर आणि बऱ्याचदा आधारकार्डाची प्रत पहिल्या दिवशी घेतली जाते. मग त्या रोज किती वाजता आल्या, कधी गेल्या, आणखी कुणाकडे काम करतात, हे रहिवाशांना घरबसल्या दिसतं. काही ॲपमध्ये तर त्यांच्या कामाला तारेही देता येतात. बाईंना स्वतःला यातलं काही दिसत नाही. काम सोडून वर्षं लोटली तरी आपला फोटो तिथे आहे का, हे विचारायचं कुणाला, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा विषय निघाला की आपण परदेशी कंपन्यांवर बोलतो. मला या हक्काची खरी परीक्षा गेटवर दिसते. कारण इथे माहिती गोळा करणारे आपणच आहोत.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याच्यावर हा कायदा जबाबदारी टाकतो. त्यामुळे ॲपवाल्या कंपनीकडे बोट दाखवून सोसायटीला हात झटकता येणार नाहीत. संमती मागताना कारण स्पष्ट सांगावं लागेल आणि ते मराठीतून वाचायची सोय द्यावी लागेल. कामाला लागेल तेवढीच माहिती घेता येईल. (कागदावरच राहिलेली वही मात्र या कायद्याबाहेर आहे.)

पण फोटो दिला नाही तर काम मिळणार नाही, अशा ठिकाणी संमतीला मोकळी कोण म्हणेल? म्हणूनच मला संमतीपेक्षा नंतरचे हक्क मोलाचे वाटतात. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कुणाकुणाला दिली, हे विचारता येईल. चुकीची दुरुस्त करून घेता येईल, काम संपल्यावर पुसायला लावता येईल. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येईल. आधी संबंधित संस्थेकडे तक्रार करायची, तिथे दाद लागली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जायचं, असा हा मार्ग आहे.

कायद्यात उणिवा आहेत, आणि त्या गंभीर आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जाईल. जिची माहिती फुटली तिला या कायद्यात भरपाई नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याचं ठरलं तर तिलाच १० हजारांपर्यंत दंड. महिन्याच्या पगारावर घर चालवणारी बाई हे ऐकून तक्रारीच्या वाटेला जाईल का? शिवाय नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असले, तरी हक्कांची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत.

तोवर थांबायचं कारण नाही. आधारची प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ आजही डाउनलोड करता येतं. आपल्याकडे येणाऱ्या बाईंना ते काढून देणं पाच मिनिटांचं काम आहे. आणि सहकारी सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदा विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला सेक्रेटरींना लेखी कळवा: गेटवर कोणती माहिती घेतो, ती किती दिवस ठेवतो, काम सोडून गेलेल्यांची कधी पुसतो. आणि तारे देण्याची सोय बंद करण्याचा ठराव त्याच सभेत मांडा.