सागावरची अळी आणि लाकडाचा हिशेब

वळवाच्या पावसानंतर सागाला कोवळी पालवी फुटते, त्याच सुमारास हिब्लिया प्युरा या पतंगाच्या माद्या तिच्यावर अंडी घालतात, आणि उद्रेकाच्या वर्षी पंधरवड्याच्या आत अळ्या झाडेच्या झाडे ओकीबोकी करून टाकतात. पीटर क्रॅमर या डच अभ्यासकाने १७७७ मध्ये वर्णिलेल्या या पतंगाची अळी पानाची कड कापून अंगावर दुमडून घेते, त्या आडोशात राहून खाते आणि वाढ पूर्ण झाल्यावर रेशमी धाग्यावरून उतरून पाचोळ्यात कोष करते.

झाड मात्र सहसा मरत नाही. त्याला पुन्हा पालवी फुटते. केरळ वन संशोधन संस्थेच्या निलांबूर येथील, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ ते ९ वर्षांच्या लागवडीची संभाव्य लाकूडवाढ या अळ्यांमुळे ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा आकडा मोठा आहे, परंतु तो झाडाच्या आयुष्याचा नसून तोडणीच्या मुदतीचा आहे: जे झाड ठरावीक वर्षांनी विकायचे नाही, त्याच्या बाबतीत हे नुकसान कोणाच्या खाती मांडायचे, हे सांगणे अवघड होते.

कर्नाटकातील अणशीच्या परिसरात हा प्रश्न निव्वळ तात्त्विक उरत नाही. अतिवृष्टीच्या या डोंगरांत सदाहरित व निमसदाहरित रान आहे, तर पूर्वेला दांडेलीकडच्या पानझडी रानात ऐन, किंदळ, नाणा यांच्या सोबतीने साग वाढतो आणि वनखात्याने लाकडासाठी केलेल्या त्याच्या लागवडीही आहेत. १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्रप्रकल्प आणि २०१५ मध्ये त्याचेच नाव काळी व्याघ्रप्रकल्प झाले. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे जिथे व्यापारी तोड चालत नाही अशा भागात, अळीने खाल्लेले पान विष्ठेच्या रूपाने मातीत परतते आणि अळी पक्ष्यांच्या पोटात जाते. तिला तिथे उपद्रवी ठरवायला आधारच उरत नाही. मिश्र रानात उद्रेक होतच नाहीत असे मात्र नव्हे, आणि तशी समजूत काहीशी भाबडी आहे.

लागवडीसाठी याच अळीला मारणाऱ्या विषाणूची फवारणी सुचवली गेली आहे, व रासायनिक औषधापेक्षा ती सौम्य आहे. पण पतंग उडतो. त्यामुळे प्रकल्पाच्या सीमेबाहेर स्वतःच्या जमिनीत साग लावणाऱ्याच्या पदरी पडणारे नुकसान खरेच असते, आणि संरक्षित रानाचा लाभ मोजताना ते बहुधा हिशेबाबाहेर राहते.