वेगळे राहण्याची वेळ आली तर घराचा हिशेब



लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस प्रभू येशूकडे येतो आणि आपल्या भावाकडून वाटणी मिळवून द्या, अशी गळ घालतो. प्रभू पंच होण्यास नकार देतो आणि लोकांना लोभापासून सावध करतो. हा उतारा मिस्सामध्ये वाचला जातो तेव्हा आपल्याला भाऊबंदकी आठवते. परंतु वाटणीचा प्रश्न पती-पत्नीतही उभा राहतो. त्याविषयी आपण धर्मग्रामात फारसे बोलत नाही. बोललो तर घर मोडायला संमती दिल्यासारखे होईल, असे आपल्याला वाटत असावे.

ख्रिस्तसभा विवाहबंधन अतूट मानते. तरीही वेगळे राहण्याची वेळ येऊ शकते हे तिने नाकारलेले नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यातील ११५१ ते ११५५ ही कलमे याच विषयावर आहेत. जोडीदारापासून आत्म्याला, शरीराला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळे राहता येते. बंधन मात्र कायम राहते. वेगळे झाल्यावर मुलांच्या पोषणाची आणि संगोपनाची तजवीज झालीच पाहिजे, असे कलम ११५४ सांगते. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २३८३ आणखी पुढे जातो. कायदेशीर हक्क, मुलांची काळजी किंवा वारसा यांचे रक्षण दुसऱ्या कोणत्याच मार्गाने होत नसेल, तर कोर्टातून घेतलेला घटस्फोट हा नैतिक अपराध ठरत नाही. म्हणजे अशा वेळी पैशाअडक्याचा विचार करणे हे पाप नव्हे.

आता आपल्याकडचे एक घर डोळ्यांसमोर आणू. समजा, कळवण तालुक्यातील एक जोडपे आहे. दोन एकर जमीन नवऱ्याच्या नावावर, सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. बायकोने बचत गटातून स्वतःच्या नावावर पन्नास हजार उचलले, त्यातून विहिरीवर मोटार बसली. तिचे माहेरचे दागिने तारण ठेवून कांदाचाळ उभी राहिली. बारा वर्षांनी ती मुलांना घेऊन सटाण्याला माहेरी निघून जाते. चाळीत उन्हाळ कांदा भरलेला आहे. तो कांदा कोणाचा? आणि गटाचा हप्ता कोणाचा?

कागदाला विचारले तर उत्तर सोपे आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम २० नुसार लग्नामुळे जोडीदाराच्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि ही तरतूद ख्रिस्ती विवाहांना लागू आहे. ज्याच्या नावावर मालमत्ता, त्याची. कर्जही सही करणाऱ्याचे. म्हणजे कांदा त्याचा आणि मोटारीचे कर्ज तिचे! गोव्यातील आपल्या धर्मबांधवांकडे मात्र १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली रीत आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मिळकत एकत्र धरली जाते आणि प्रत्येक जण निम्म्याचा धनी असतो. श्रद्धा एकच, विवाह संस्कार एकच. पण तिथे ती निम्म्याची मालकीण आणि इथे पोटगीची अर्जदार. कायदा आपल्याला न्यायाच्या किती जवळ नेतो, हे तो कोणत्या राज्यातला आहे यावर ठरत असेल, तर सदसद्विवेकाने तेवढ्यावर थांबून चालणार नाही.

हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे मोठे अधिवेशन झाले. पुढे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावावर करावा, असे आवाहन केले. अनेकांनी केलाही. त्यामागची भूमिका अशी की निंदणी, खुरपणी, कांदालागण, गुरांचे शेण-पाणी यांत बाईचे जे श्रम गेले ते एक देणेच आहे. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो, हा बोजा कुठेच चढत नाही.

अशा वेळी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "ती घर सोडून गेली, तिला कशाला द्यायचे?" आणि "त्याने मला मारले, त्याचे कर्ज मी का फेडू?" दुसऱ्या वाक्यामागचे दुःख खरे आहे, आणि पहिल्यामागेही कधी कधी असते. पण चूक कोणाची हा एक निवाडा आहे आणि कोणाचे किती हा दुसरा. सातवी आज्ञा निर्दोष माणसाची चोरी करू नका एवढेच सांगत नाही. रागावलेल्या बायकोचा कांदा रातोरात बाजार समितीत नेऊन विकणे ही चोरीच आहे, आणि नवऱ्याच्या नावावरची एफडी गुपचूप मोडणे हीसुद्धा. चोरीची भरपाई करावी लागते. जक्कयने तर चौपट परत देण्याची तयारी दाखवली. बायकोचे दागिने अडकवून ठेवणे किंवा घरातल्या वस्तू परस्पर विकणे याला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळ म्हटले आहे, आणि तो कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे.

मग हिशेब करायचा कसा? बारा वर्षांच्या भाकरीची पावती कोणाकडे नसते. माझ्या मते निम्मे-निम्मे येथून सुरुवात करावी, आणि निम्म्याहून कमी का, हे कमी देणाऱ्याने पटवून द्यावे. कर्जालाही हाच नियम. पैसा शेतात, आजारपणात, मुलांच्या फीमध्ये गेला असेल तर सही कोणाचीही असो, कर्ज दोघांचे. दारूत किंवा जुगारात लपूनछपून उडवला असेल तर ज्याने उडवला त्याचे. मुलांचा वाटा मात्र या वादातून आधीच बाजूला काढावा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. पती-पत्नी वेगळे झाले म्हणून बँक किंवा सोसायटी वेगळी होत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मेहुणा जामीन असेल तर नोटीस त्याच्या दारात जाते आणि भांडणाशी संबंध नसलेले तिसरे घर अडचणीत येते. म्हणून सातबारा, आठ-अ, बँकेची पासबुके आणि गटाची वही समोर ठेवून, दोन्हीकडच्या एकेका समंजस माणसासमक्ष यादी लिहावी आणि तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. कांदा तोवर चाळीतच राहू द्यावा, आणि नासायला लागलाच तर दोघांना सांगून विकावा व पट्टीची रक्कम वेगळी ठेवावी. गटाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्या दिवशी पैसे घेऊन कोणी जायचे, हे आधीच्या आठवड्यात ठरलेले असावे.