नजरकैद कोणाची?

सांबऱ्याहून बेळगाव शहर ओलांडून पलीकडे गेले की हिंडलग्याचे कारागृह लागते. सीमालढ्यात सत्याग्रह करून तेथे दिवस काढलेल्यांच्या आठवणी आमच्या भागातील अनेक घरांनी जपल्या आहेत. त्या आठवणींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे तुरुंग तिकडे आणि घर इकडे. घरची माणसे झुरत, भेटीच्या दिवसाची वाट पाहत. परंतु स्वतःच्या माजघरात ती मोकळी असत. कैद एकाची आणि दुःख सर्वांचे, अशी ती वाटणी होती. नजरकैदेत मात्र ही वाटणीच पुसली जाते.

भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी, लेखक गौतम नवलखा यांना प्रकृतीच्या कारणास्तव तळोजा कारागृहाऐवजी घरी नजरकैदेत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२२ रोजी दिला. नवी मुंबईतील त्या घरात सहचरीला सोबत राहण्याची मुभा मिळाली. दाराशी पोलीस आणि कॅमेरे आले. आरोपीला इंटरनेट बंद झाले आणि पोलिसांच्या फोनवरून दिवसातून दहा मिनिटे बोलण्याची सवलत राहिली. सहचरीनेही इंटरनेट नसलेलाच फोन वापरावा, अशी अट होती. तिच्यावर कोणताही आरोप नव्हता. मे २०२४ मध्ये जामीन मिळाला, तेव्हा पहाऱ्याच्या खर्चापोटी वीस लाख रुपये भरण्यास नवलखांना सांगण्यात आले.

आजारी, वृद्ध माणसाला कोठडीऐवजी घर मिळावे, यात करुणा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ही करुणा कोणाच्या जिवावर केली जाते, हा. याच प्रकरणात १२ मे २०२१ रोजी न्यायालयाने नजरकैदेसाठी विचारात घ्यावयाच्या काही बाबी सुचविल्या होत्या. आरोपीचे वय, प्रकृती व पूर्वेतिहास, गुन्ह्याचे स्वरूप, अन्य प्रकारच्या कोठडीची गरज आणि अटी अमलात आणण्याची शक्यता, अशा त्या बाबी. यादी परिपूर्ण नसल्याचे न्यायालयानेच म्हटले आहे. तरीही घरात राहणाऱ्या इतरांची संमती तीत नाही, हे लक्षात येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले. तो हक्क आरोपीच्या पत्नीलाही आहे, आईलाही आहे आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलालाही आहे.

न्यूझीलंडमध्ये गृहकैद ही न्यायालयाने द्यावयाची शिक्षा आहे. तेथील कायद्यानुसार, त्या घरातील इतर रहिवाशांना आधी गुन्ह्याचे स्वरूप समजावून सांगावे लागते, त्यांची संमती घ्यावी लागते आणि ती केव्हाही मागे घेता येते, हेही सांगावे लागते. घर हे शासनाने फुकट वापरावयाचे कारागृह नव्हे, एवढे भान त्या तरतुदीत आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे ही संमती नाममात्रच राहील. नवरा तुरुंगात खितपत पडला असता 'माझ्या घरी नको' असे कोणती पत्नी म्हणू शकेल? तसे म्हणालीच तर गाव तिला काय म्हणेल? हा आक्षेप खरा आहे. मायेपोटी दिलेला होकार पूर्णपणे स्वतंत्र नसतो. परंतु नकार देणे अवघड आहे म्हणून विचारूच नये, हे न्यायाचे नव्हे. उलट, म्हणूनच तिला आरोपीपासून वेगळे बसवून विचारावे, तिने दिलेले उत्तर गुप्त ठेवावे आणि अटी ठरविताना तिचेही म्हणणे ऐकावे. तिचा फोन, तिच्याकडे येणारी माणसे, तिची झोपण्याची खोली यांवर बंधन घालावयाचे असल्यास त्याचे वेगळे कारण नोंदविले जावे.

आपल्या समाजाला कुटुंब एकजीव मानण्याची सवय आहे. एकाचा मान तो सर्वांचा आणि एकाची नामुष्की तीही सर्वांची. नात्यांत ही भावना शोभते. कायद्याने मात्र माणसे वेगवेगळी मोजली पाहिजेत. सुनेने सासऱ्यासाठी पहारा सोसणे ही तिची माया आहे. तिला न विचारता तो तिच्यावर लादणे, हा अन्यायच होय.