शेतकऱ्याचे गुण तिप्पट

बँकेत पस्तीस वर्षं काढली, पण कारकुनाचा बँकर काही झालो नाही. ती हौस अमेरिकेत लेकाकडे गेलो तेव्हा नातीच्या कॉम्प्युटरवर फिटली.

खेळाचं नाव ‘ओरेगॉन ट्रेल’. मिनियापोलिसमध्ये इतिहास शिकवायला निघालेल्या डॉन रॉविच नावाच्या शिकाऊ मास्तराने तो १९७१ साली दोन मित्रांच्या मदतीने वर्गातल्या पोरांसाठी रचला. नात खेळते ती १९८५ची आवृत्ती. साल १८४८, मिझुरीहून ओरेगॉनपर्यंत दोन हजार मैल बैलगाडी हाकायची. वाटेत नद्या, साप, पटकी, आमांश. आपल्या साधुवाण्यावरसुद्धा इतकी संकटं आली नव्हती!

आरंभी धंदा निवडायचा. बँकरला १६०० डॉलर, सुताराला ८००, शेतकऱ्याला ४००. मी अर्थातच बँकर झालो. बैल घेतले, धान्य भरलं, पाचही माणसं धडधाकट पोचवली. नात शेतकरीण. तिने वाटेत एक माणूस आमांशाने गमावला, रडतखडत पोचली. आणि गुण तिला माझ्या दुपटीहून जास्त!

“हा कुठला न्याय?” मी कडाडलो.

“आजोबा, शेतकऱ्याचे गुण तिप्पट होतात. त्याच्याकडे सुरुवातीलाच कमी असतं ना!”

मी गप्प झालो. कारण मला एकदम दादा आठवला. मी घरात नेहमी ऐकवत आलो, “मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो. दादा मात्र होता तिथेच राहिला.” माझी कॉलेजची फी भरायला दादाने बैलजोडी विकली होती, हे सांगायचं तेवढं राहून जायचं. माझ्या गाडीला बैल त्याचे, आणि पोचल्याचे गुण सगळे माझे!

माणूस कुठवर पोचला ते आपण बघतो. निघाला कुठून, ते कोण बघतो? शाळेने, बँकेने, निवृत्तीच्या दिवशीच्या भाषणांनीही मला हा हिशेब शिकवला नाही. पोरांच्या खेळाने शिकवला. तो इतकी वर्षं टिकला यात मला आता नवल वाटत नाही.

रात्री दादाला फोन केला. म्हटलं, “दादा, तुझे गुण तिप्पट.”

तो काळजीने म्हणाला, “तिकडची थंडी बाधली काय रे तुला?”

दुसऱ्या दिवशी मी शेतकरी झालो. अर्ध्या वाटेत आमांशाने गेलो.