गाडीवरची नजर

आपल्या धर्मग्रामात टेम्पो-ट्रकचे मालक आहेत, तसे दुसऱ्यांच्या गाड्यांवर राबणारे चालकही आहेत. रविवारी दोघे एकाच बाकावर बसतात. आता या दोघांच्या मध्ये जीपीएसची एक लहानशी डबी आली आहे.

‘वरून सॅटेलाइट बघतो’ असे बरेचजण म्हणतात. तसे नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह नुसते वेळेचे संदेश पाठवीत असतात. खाली कोण आहे याचा त्यांना पत्ताही नसतो. गाडीतले यंत्र किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा स्वतः काढते आणि सिमकार्डातून मालकाला कळवते. पाहणारा शेवटी माणूसच. म्हणून हा प्रश्न न्यायाचा आहे, असे आम्हांला वाटते.

मालकाने लक्षच ठेवू नये, असे आम्ही म्हणणार नाही. कर्ज काढून घेतलेली गाडी कुठे आहे हे जाणण्याचा त्याला हक्क आहे. डिझेल चोरले जाते, परस्पर भाडीही मारली जातात. उलट, खोटा आळ आलेल्या प्रामाणिक चालकाला हीच नोंद सोडवते. २०१२ च्या दिल्लीतील बसमधल्या अत्याचारानंतर सरकारने प्रवासी गाड्यांत असे यंत्र व धोक्याचे बटण सक्तीचे केले, त्याला कोण नावे ठेवील?

पण पडद्यावर ‘थांबा ३५ मिनिटे’ एवढेच दिसते. घाटात इंजिन तापले असेल, डोळ्यांवर झापड आली असेल, वाटेत पहाटेची मिस्सा असेल. पगारातून पैसे कापण्यापूर्वी हे कोणी विचारते का?

त्याच नोंदीत आणखी एक आकडा दडलेला असतो. चालक सलग किती तास स्टिअरिंगवर होता? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती. चहाची वीस मिनिटे मोजायची आणि चौदा तासांची ड्युटी डोळ्याआड करायची, ही आमच्या मते चोरीच. डिझेलच्या चोरीला शिक्षा आहे, झोपेच्या चोरीचा हिशेब कोण मागणार?

यंत्र बसवताना चालकाला तसे सांगावे आणि महिन्याची नोंद त्यालाही दाखवावी, असे आम्ही आपल्यातील मालकांना सुचवतो. गाडी रात्री चालकाच्या दारात उभी राहत असेल, तर ड्युटी संपल्यावर पडदा पाहू नये. गाडी चोरीला गेली तर, ही शंका रास्त आहे. पण इंजिन सुरू होताच मोबाइलवर सूचना येण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते. रात्रीपुरती तेवढी पुरे.