भिंतीपलीकडचा क्षीण आवाज

घरातील वाय-फाय कोणकोणत्या खोल्यांत पोहोचावे, हा प्रश्न वरकरणी वायरमनचा आहे. त्यात नीतीचा संबंध कोठे आला, असे वाचक विचारतील. आमच्या मते तो संबंध आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्या तापीकाठी रुजलेल्या, बुऱ्हाणपुरातील जुन्या वाड्यांत नांदणाऱ्या आपल्या कुटुंबांना तो विशेष जवळचा आहे.

आपल्या वाड्यांच्या भिंती जाड. निमाडचा उन्हाळा बाहेर थोपवून धरण्याचे काम त्यांनी आजवर चोख केले. त्याच भिंती आता बिनतारी लहरींनाही थोपवतात. तार ओसरीवरून घरात येते आणि राउटर तेथेच खिळ्याला टांगला जातो. बैठकीत सर्व सुरळीत असते. माजघर ओलांडले की चित्र अडखळते आणि परसदाराकडील खोलीत काहीच पोहोचत नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अदृश्य लहरी भिंतीपार पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. लहर भिंत ओलांडते खरी, पण प्रत्येक भिंतीला जकात देऊन. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती त्यातल्या त्यात तग धरते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगाने अधिक माहिती वाहते, पण भिंतीपुढे लवकर थकते.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो अधिक जोरकस राउटर आणण्याचा. येथेच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. वाय-फाय हे एकतर्फी प्रक्षेपण नसून संवाद आहे. राउटरचा आवाज कितीही वाढविला, तरी मागच्या खोलीतील मोबाइलने उत्तर द्यावे लागते, आणि त्या लहानशा यंत्राची ताकद बेताचीच असते. परिणामी पडद्यावर खुणेच्या रेघा भरपूर दिसतात, पण काम होत नाही. केंद्राचा शब्द कोपऱ्यापर्यंत येतो. कोपऱ्याचा शब्द केंद्रापर्यंत जात नाही. २००५ साली आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला झाला, तेव्हाही शक्तीची मर्यादा कायद्याने बांधून दिली गेली, कारण हवा सर्वांची आहे. खरा उपाय वेगळाच आहे. राउटरपासून तार ओढून मागच्या भागात एक ॲक्सेस पॉइंट बसवावा. तो मोठ्याने बोलतो म्हणून उपयोगी नाही. तो जवळून ऐकतो म्हणून उपयोगी आहे. तो तोंडापेक्षा कान अधिक आहे.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटते. राजधानीतून निघालेले परिपत्रक शेवटच्या गावापर्यंत पोहोचत असे. गावाचे म्हणणे मात्र वाटेतल्या टेबलांवर विरून जात असे. १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर कलेक्टरसाहेबांपुढे गाऱ्हाणे मांडण्यासाठी खंडव्याची वाट धरावी लागे. जिल्हा झाल्याने हुकमांचा आवाज वाढला नाही. कान जवळ आला. मंगळवारच्या जनसुनवाईचा अर्थही, ती मनापासून केली तर, हाच आहे.

मात्र नुसता जवळचा कान पुरेसा नाही. बाजारात रिपीटर नावाचे स्वस्त यंत्र मिळते. ते ऐकलेले पुन्हा त्याच हवेत उच्चारते. एकच शब्द दोनदा बोलण्यात वेळ जातो आणि साध्या यंत्रात वेग निम्म्यावर येतो. ॲक्सेस पॉइंटचे तसे नाही. तो तारेने थेट मुळाशी जोडलेला असतो. ज्या मधल्या अधिकाऱ्याला वरपर्यंत मार्ग नाही, तो केवळ रिपीटर होय. आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याची रचना पाहा. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज या जाणकाराच्या योजनेतून ही व्यवस्था उभी राहिली. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे वाहते. वर ठरावीक अंतराने कुंड्या आहेत; त्यांतून खाली हवा आणि उजेड जातो, सफाईसाठी उतरता येते. प्रत्येक कुंडी त्याच एका प्रवाहावर उघडते. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत या व्यवस्थेचे नाव आले. आम्हांला तिचे मोल तिच्या वयापेक्षा या जोडलेपणात अधिक वाटते.

आता मूळ नैतिक प्रश्न. घरात एकच ॲक्सेस पॉइंट घेण्याची ऐपत असेल, तर तो कोणत्या खोलीत लावावा? व्यवहार सांगतो, जेथे वापर जास्त तेथे. म्हणजे तरुण मंडळींच्या माडीवर. पण वापर कमी का आहे, हे विचारल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. मागच्या खोलीतील आजी वापरत नाहीत, कारण तेथे काही पोहोचतच नाही. परदेशी असलेल्या नातवाचा चेहरा पाहण्यासाठी त्यांना गुडघे धरत ओसरीपर्यंत यावे लागते, आणि चार माणसांदेखत मनातले बोलता येत नाही. २०२० साली शाळा मोबाइलवर भरू लागल्या, तेव्हा कोणते मूल बैठकीत बसले आणि कोणते जिन्यात, यावरून घराघरातील मानाची उतरंड उघडी पडली. मागणीचा आवाज मोठा असणे आणि गरज मोठी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. म्हणून मोजणीची सुरुवात सर्वांत दुबळ्या कोपऱ्यापासून व्हावी, असे आमचे मत आहे.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. प्रत्येकाला पोहोचायचे असते काय? जो टप्प्यात आला, त्याला केव्हाही हाक मारता येते. उद्या त्याच जाळ्यावर कॅमेराही बसतो आणि काळजीच्या नावाखाली पहारा सुरू होतो. जाड भिंतींनी आपल्या वडीलधाऱ्यांना जो एकांत दिला, तोही एक वारसाच आहे. म्हणून ज्याच्या खोलीत कान बसवायचा, त्याला आधी विचारले पाहिजे, आणि तो बंद करण्याचे बटण त्याच्या हाताला येईल असे असले पाहिजे. सोय लादली गेली की ती सोय उरत नाही. देवघर कोरे ठेवावेसे कोणाला वाटले, तर त्याला मागासलेपणा म्हणू नये.

राहिला शेजारी. लहर भिंतीपाशी थांबत नाही. शेजारच्या मुलाच्या अभ्यासापुरती ती सहज पोहोचते. जोतिराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. त्या उदाहरणापुढे पासवर्ड लपवून ठेवणे कोते वाटते. पण येथे एक भेद आहे. दिलेल्या पाण्यावर देणाऱ्याचे नाव राहत नाही. वाय-फायवरून गेलेल्या प्रत्येक संदेशावर मालकाचा पत्ता राहतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या कुलूप नसलेल्या वाय-फायवरून गेला आणि चौकशी त्याच्या दारी आली. तेव्हा दार सताड उघडे टाकणे हे औदार्य नव्हे, आणि ते कायमचे लावून घेणे हा शहाणपणा नव्हे. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे, वेगळा पासवर्ड, आणि तो ओळखीच्या मुलाला आपल्या हाताने लिहून देणे, हा मध्यम मार्ग आहे. त्यात दान आहे आणि दानाची जबाबदारीही आहे.

ज्याच्याकडे मूळ स्रोत आहे, त्याचे कर्तव्य मोठ्याने बोलण्याने पुरे होत नाही. यंत्रे बसविणारे कुशल कारागीर तर प्रत्येक ॲक्सेस पॉइंटची शक्ती मुद्दाम थोडी कमी ठेवतात. नाहीतर मोबाइल दूरच्यालाच चिकटून राहतो आणि जवळचा कान रिकामा पडतो. मोठ्यांनी आपला आवाज जरा उतरविल्यावाचून धाकट्यांना जवळचा आधार सापडत नाही, हे कुटुंबालाही लागू आहे आणि राज्यालाही. वाड्याच्या शेवटच्या खोलीतून निघालेला क्षीण शब्द मुळापर्यंत पोहोचतो की नाही, एवढीच कसोटी आम्ही सुज्ञ वाचकांपुढे ठेवतो.