सामान बांधताना

आमच्या धर्मग्रामातील चार तरुण गेल्या जून महिन्यात मोटारसायकलींवरून मनालीहून लेहला जाण्यास निघाले. रात्री तंबूत काढायच्या होत्या. गाड्या रेल्वेने पाठवण्याच्या आदल्या सायंकाळी ते आशीर्वादासाठी आले, तेव्हा देवळाच्या आवारात सामानाचा ढीग पडला होता. चौघांचे चार तंबू, चार स्टोव्ह. कपड्यांचे तर विचारूच नये.

एक म्हणाला, "फादर, सगळं नेलेलं बरं. लागलंच तर?" दुसरा म्हणाला, "एक तंबू, दोन कपडे पुरेत. वाटेत कोणी ना कोणी भेटतंच."

दुसऱ्याचे म्हणणे ऐकून झोळीही न घेता शिष्यांना पाठवणाऱ्या प्रभूची आठवण होते. परंतु शिष्य गावागावांतून जाणार होते. हा रस्ता 400 कि.मी.हून लांब, त्यावरील टांगलांग ला ही खिंड 5,000 मीटरहून उंच, मधले माळ निर्मनुष्य. अशा ठिकाणी हवा भरण्याचा पंप घरी ठेवून निघालेला माणूस दुसऱ्याच्या पंपावर विसंबलेला असतो. त्याचे ओझे नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या गाडीवर जाते.

पहिल्याचे म्हणणेही निर्दोष नव्हे. मागे आणि उंच बांधलेल्या वजनाने पुढचे चाक हलके पडते, वळणावर गाडी हाताला ऐकत नाही. उंचीवरील विरळ हवेत इंजिनाची शक्तीही घटते. भीतीपोटी घेतलेली वस्तू नवे संकट होऊन बसते.

मग निवड कोणत्या कसोटीवर करावी? येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पंचवीसेक वर्षांपूर्वी जव्हारच्या बाजूला सेवेस असताना आम्ही मोटारसायकलने चार दिवसांच्या दौऱ्यावर निघालो होतो. मागच्या बैठकीवर वळकटी, पुस्तके, खाण्याचा डबा, सारे दोरीने आवळलेले. वाटेत तापाने फणफणलेले मूल घेऊन एक बाई उभी होती. दोरी सोडायला दहा मिनिटे लागली असती. "पुढून गाडी पाठवतो," असे म्हणून आम्ही निघालो. गाडी पाठवली, मूल वाचले. पण त्या बाईने आमच्या सामानाकडे टाकलेली नजर आम्ही विसरलो नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण दयेसाठी वाचतो. लूकने लिहिलेल्या त्या कथेत त्याच्या सामानाचाही उल्लेख आहे. त्याच्यापाशी तेल होते, द्राक्षारस होता. आणि जखमी माणसाला बसवण्याइतकी जागा त्याच्या जनावरावर होती. नुसत्या कनवाळूपणाने जखम बांधता आली नसती. तसेच, जनावर ओझ्याने लादलेले असते, तर तेल असूनही तो माणूस रस्त्यावरच राहिला असता.

म्हणून प्रत्येक वस्तू हाती घेताना विचारावे: ही केवळ आमच्या भीतीसाठी आहे, की वाटेवरच्या कोणाच्याही कामी येईल? त्या सायंकाळी दोन तंबू आणि दोन स्टोव्ह बाजूला निघाले, कपडे निम्मे झाले. पंप, जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, औषधे आणि पेट्रोलचा डबा राहिला. एका गाडीची मागची बैठक मोकळी ठेवण्याचे चौघांनी आपणहून ठरवले.

आम्ही आशीर्वाद दिला. आमच्या स्वतःच्या गाडीची मागची बैठक मात्र त्या रात्री पुन्हा एकदा पाहून आलो.